केस तुझे, हात माझे

सखा, तुझं सगळं तुझ्यासारखंच झालं बघ. मेलास तोबी बाजारच्या दिवशी. आसपासच्या गावांची माणसं भोरात आयतीच आलेली. नीरेच्या काठाला पाय ठेवायला जागा न्हाई. कामथडीची, आंबवड्याची, पार वेल्ह्याच्या डोंगरातली माणसं ओझी खाली ठेवून उभी. ज्याच्या लग्नात तू वाजवलंस तो रडतोय, आन् ज्याच्या लग्नात न्हाई वाजवलंस तो तर जास्तच रडतोय. आन् मी कुठं? तिथंबी मागं. पुढं खांदा द्यायला गेलो, तर म्हणतात, "नारूदा, तुमी थोरले, तुमी दमाल, मागं व्हा."

दमाल म्हणे! जन्मभर तुझ्यामागं सूर धरला, एक डाव श्वास तुटू दिला न्हाई, त्या माणसाला म्हणतात दमाल. त्या तिरडीवर निजलेल्या तुझा मला हेवा वाटला, सखा. खोटं कशाला बोलू? फुलांत झाकलेला, चारी बाजूंनी नाव घेतलं जातंय, आन् तू आपला गप. लोकांनी नाव घेतलं की तू असाच गप बसायचास. मला कधी जमलं न्हाई ते. माझं कुणी नावच घेतलं न्हाई तर गप कुठं बसणार?

आज मी पहिल्यापासून सगळं बोलणार हाय. तू मधी तोंड घालायला न्हाईस, असा मोका मला पहिल्यांदा मिळालाय.

आपण चुलतभाऊ. मी थोरला, तू धाकटा, हे लोक इसरले तरी तू इसरू नको. देवीच्या देवळाचा नगारखाना आपल्या घराकडं बापजाद्यांपासून. पहाटेची पाळी, दुपारची पाळी, दिवेलागणीची पाळी. नगाऱ्यावर कुणीबी असो, सनईवर आपलंच घर. सनया दोन. एक बोलणारी, एक सूर धरणारी. आबांनी, म्हणजे तुझ्या बापानं, आपण मिसरूड न फुटलेले असताना दोघांना पुढं बसवलं आन् सांगितलं, "सख्याची बोटं चांगली, नारूचा दम चांगला." झालं! एवढ्या बोलण्यावर माझा जन्म गेला. बोलणारी सनई तुझ्या हातात आली, आन् सुराची माझ्या.

सुराच्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली असतात. बोटांना काम न्हाई. गाल फुगवायचे, नाकानं वारा घ्यायचा, तोंडानं सोडायचा, आन् एकच सूर, पाळी संपेस्तोवर. भात लावायचा आन् ताटावर दुसऱ्यानं बसायचं, तसलं काम. खालून लोक म्हणणार, "काय वाजवतोय सखा!" माझा सूर कुणाच्या कानात जात न्हाई. तो बंद पडला तरच लोकांना कळतं की तो होता.

आबा जाऊन वर्सं झाली, पण त्यांना मी अजून इचारतो, बोटं काय माझी बैलाची होती का?

मी गुपचूप वाजवायचो, हे तुला ठावं होतं. गोठ्यामागं बसून, जुन्या सनईवर. तुझी सकाळची भूपाळी जशीच्या तशी. गोदा म्हणायची, "अवं, ह्यात आन् भावजींच्या वाजवण्यात मला तर काय फरक दिसत न्हाई." आता बायकोचं काय, ती आपल्या नवऱ्याचंच बोलणार. पण ऐकून बरं वाटायचं. मग पहाटे वर जाऊन तुझ्यामागं बसलो आन् तू पहिला सूर लावलास, की मला फरक कळायचा. तो फरक कळायचा हेच तर दुखणं होतं. गोदासारखा कान दिला असता देवानं, तर मी सुखानं झोपलो असतो.

मग तुझे केस पिकले.

चाळिशीतच की रं. तुझ्या आईकडच्या माणसांची ती खोड. आन् माझे बघ, तुझ्याहून थोरला असून काळेकुळकुळीत. आपल्या घरात सनईवाल्यांनी केस राखायची चाल, मानेपर्यंत. शिवाय नगारखाना दरवाजावर, म्हणजे देवीपेक्षा आपण उंच बसणार, म्हणून डोक्यावर काही घालायचं न्हाई. पटका खाली खुंटीला अडकवायचा आन् उघड्या डोक्यानं वर जायचं. कठड्यावरून खाली दिसतात ती नुसती डोकी. तेव्हा तुझं पिकलेलं डोकं सगळ्या भोरानं बघितलं.

त्यात देवळाचा कारभारी नवा आलेला. माणूस देवभोळा, वाईट न्हवता, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. एका नवरात्रात दुसऱ्या गावच्या म्हाताऱ्या सनईवाल्याचा दम भर आरतीत तुटलेला त्यानं बघितला होता, आन् त्याच वर्सी गावात पटकी आली. तेव्हापास्नं त्याचा नेम, केस पांढरे झाले की माणसानं पुढची बैठक सोडायची. मागं सूर धरा, न्हाईतर घरी बसा. घरातला पुढचा काळ्या केसाचा माणूस पुढं येणार.

आता घरातला पुढचा काळ्या केसाचा माणूस म्हणजे कोण रं, सखा?

मी नवा जरीकाठी पटकासुद्धा बघून ठेवला होता बाजारात. खुंटीला अडकवायला का होईना.

आन् तू आलास. दुपारची जेवणं झालेली. हातात पिशवी. परसात चुलीपाशी येऊन बसलास, गोदानं पाणी दिलं, ते प्यालास, आन् पिशवी माझ्यापुढं सरकवलीस. आत बाळहिरडा, कोवळा असतानाच तोडलेला हिरडा. वेल्ह्याच्या कातकऱ्यांकडनं आणलेला, सुकलेला, काळा.

"दादा, कलप लावायचा म्हणतोय."

"लाव की. माझ्याकडं कशाला आलास?"

"मागचं आपल्याला दिसत न्हाई, आन् तिथं आपला हात पोचत न्हाई."

तुझी बायको जाऊन तवा दोन-तीन वर्सं झाली होती, लेक कामथडीला दिलेली. घरात कोण होतं तुझ्या डोक्याला हात लावायला? पण तू दुसऱ्या कुणाकडं गेला न्हाईस. भोरात न्हावी काय मेले होते? तू आलास माझ्याकडं. ज्याची बैठक तुझ्या पिकल्या केसांनी खुली होणार, त्याच्याकडं. आन् वर म्हणालास, "तुझ्या मनात काय हाय ते मला ठावं हाय दादा. तरी तुलाच सांगतोय."

मी म्हणालो, "मर." आन् कढई चुलीवर ठेवली.

का ठेवली, ते मला आजबी सांगता येत न्हाई. एवढंच सांगतो, की कढई तापेस्तोवर माझ्या डोक्यात तुझी आदल्या दिवसाची दिवेलागणीची पाळी चालली होती.

मग ते ठरूनच गेलं. पांढरी मुळं दिसायला लागली की तू पिशवी घेऊन हजर. हिरडा लोखंडी कढईत भाजायचा, कुटायचा, माक्याच्या रसात गंजके खिळे टाकून मुरत ठेवायचा. काळंभोर, गुळगुळीत वाटण. ते दुपारी तुझ्या डोक्याला थापायचं, वर एरंडाची पानं बांधायची, ऊन कललं की तू न्हाणार. आन् लगेच दिवेलागणीची पाळी. तू न्हाऊन माखून, केस विंचरून, नवरदेवावाणी पुढं चालणार. आन् मी मागनं लिंबाच्या फोडीनं हात घासत. राख लावली, चिंच लावली, वाळू लावली. हिरडा तो, लोखंडाला लागलेला, तो काय लिंबाला ऐकतोय? तुझे केस काळे, माझी बोटं काळी. लोकांनी इचारलं तर मी सांगायचो, पुण्याची मोटर कोळसा भरत होती, जरा हात लावला. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळंना, मोटर कोळशाच्या धुरावर खोकत यायची, तेव्हा खपून जायचं.

आता एक कबूल करतो. त्या दुपारी मला आवडायच्या.

सुराच्या सनईवर ज्या बोटांना काम न्हवतं, ती तुझ्या डोक्यावर चालायची. पहिल्यांदा माझं मलाच कळलं न्हाई. वाटण लावता लावता बोटं आपसूक भूपाळी वाजवायला लागली, तुझ्या टाळूवर. तू डोळे मिटून बसलेला. एकदम म्हणालास, "भूपाळी व्हय?"

माझा हात जाग्यावर थांबला.

"थांबू नको. चालू दे. तिथं, वर जाताना, तू घाई करतोयस. जरा थांबून जा."

मी रागानं तुझे केस वढले. तू हसलास. पुढच्या खेपेला मी थांबून गेलो. तू मान हलवलीस, तर कलप माझ्या धोतरावर सांडला. एवढीच शाबासकी मला उभ्या जन्मात मिळाली, आन् तीबी तुझ्याकडनं. बाहेर कुणाला सांगायची सोय न्हाई. सांगणार काय? की मी लई चांगलं वाजवतो, सख्याच्या टाळक्यावर?

मग तो दिवस. तू ह्या दिवसाबद्दल कधी नीट बोलला न्हाईस, तेव्हा आज ऐक.

कुणीतरी कारभाऱ्याच्या कानात घातलं की नगारखान्यात कुणीतरी कलप लावतंय. दिवेलागणीच्या पाळीआधी तो वर आला. कधी न्हाई ते जिना चढून आला, धापा टाकत. म्हणाला, "हात दाखवा सगळ्यांनी."

तू हात दाखवलेस. निर्मळ. तू कलपाला हातच कुठं लावत होतास? मी हात दाखवले. दुसऱ्या पेरापर्यंत काळे, नखांत काळं. कारभाऱ्यानं माझे हात बघितले, मग माझे केस बघितले. ह्या वयात एवढे काळे केस! तो हसला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? नारायणा, अरे नातवंडं खेळवायच्या वयात ही हौस? आन् तो सखाराम बघ, तुझ्याहून धाकटा, पण काही लपवाछपवी नाही, मधेच एखादा पांढरा दिसतो तो तसाच."

एखादा पांढरा म्हणे! तो माझ्या हातनं सुटला होता, कानामागचा.

नगाऱ्यावरचे लोक खोखो हसले. मी तुझ्याकडं बघितलं. तू सनईची पत्ती ओठांत भिजवत खाली बघत होतास. मी थांबलो. म्हणालो, आता बोलेल. आता बोलेल. तू पत्ती भिजवतच राहिलास, जशी काय ती जन्मात कधी भिजली न्हवती. कारभारी म्हणाला, "मागं सूर धरून बस गुमान. पुढच्या बैठकीचं नाव आयुष्यात काढू नकोस." आन् जिना उतरून गेला. मग तू पहिला सूर लावलास, आन् मी त्याच्याखाली माझा धरला. दुसरं काय करणार? पाळी होती.

तेव्हापास्नं मी कलप्या नारू झालो. आंबवड्याला लग्नात वाजवायला गेलो, तर बायका माजघराच्या दारातनं माझ्या डोक्याकडं बघून पदर तोंडात घालतात. देवानं दिलेले केस माझे, ते झाले खोटे. आन् हिरड्याचे केस तुझे, ते झाले खरे. गोदा तर पेटली. "चोर सोडून संन्याशाला फाशी! मी रोज तुमची वेणीफणी बघते, एक थेंब कलप कधी लागला न्हाई ह्या डोक्याला. जाते आन् कारभाऱ्याच्या दारात उभी राहून सांगते." म्या तिला धरलं. ती म्हणाली, "का?" मी म्हणालो, "सखाला घरी बसवतील." ती म्हणाली, "मग तर बरंच हाय की! तुमी पुढं बसाल." आन् मी म्हणालो, "गप बस."

ती चार दिवस बोलली न्हाई माझ्याशी.

तुझं माझं भांडण घाटावर झालं. आठवतंय? तू धोतर पिळत होतास.

"तू का बोलला न्हाईस?" म्या इचारलं.

"तू का बोलला न्हाईस?" तू इचारलंस.

"अरं, हात माझे पकडले होते!"

"म्हणूनच. तुझ्या तोंडात होतं ते, दादा. मी वाट बघत होतो तू सांगतोयस म्हणून. तू सांगितलं असतंस तर मी गुमान उतरलो असतो खाली."

"आन् तू सांगितलं असतंस तर?"

तू धोतर झटकलंस, पाणी माझ्या तोंडावर उडालं. म्हणालास, "माझ्यात तेवढं बळ न्हाई. वाजवल्याबिगर मी काय करू? मला दुसरं काय येतं?"

"आन् मला काय येतं रं भाड्या?" मी वरडलो. बाया कपडे धुवायच्या थांबल्या. तू निघून गेलास. मी म्हणालो, आता ह्याचं तोंड बघणार न्हाई. आन् पुढच्या अमावास्येला तू परत परसात, पिशवी घेऊन. गोदानं तुला पाणी दिलं न्हाई. तू स्वतःच रांजणातनं घेतलंस आन् बसलास. मी कढई काढली. पण मी भूपाळी वाजवली न्हाई त्या दिवशी. नुसता कलप लावला, भिंत सारवल्यावाणी. तुला ते कळलं. तू उठताना म्हणालास, "आज हात गप हाय तुझा."

ते भांडण अजून संपलेलं न्हाई, सखा. तू मधीच उठून गेलास.

मग ह्या उन्हाळ्यात तुझी छाती भरली. दवाखान्यातलं लाल औषध झालं, वैद्याचा काढा झाला. पाळी तुझी बंद. तुझ्या जागी कारभाऱ्यानं वाईकडनं एकाला आणलं. घरात मी बसलेलो, आन् बाहेरनं माणूस आणला, कारण मी कलप्या. त्याच्यामागंबी मीच सूर धरला. तुला येऊन सांगितलं, लई भिकार वाजवतोय, भूपाळी म्हणजे नुसती पळापळ. तू पडल्या पडल्या हसलास. मला वाटलं, हसतोय, म्हणजे उठणार.

म्हणून मी हिरडा भाजला. डोक्याला गुंडाळलेल्या पटक्याखाली तुझी मुळं बोटभर पांढरी झाली होती. वाटण घेऊन तुझ्याकडं आलो, तर तू मान फिरवलीस.

"र्‍हाऊ दे, दादा."

"येडा का खुळा? उद्या उठून बसलास, कुणी बघितलं म्हणजे?"

"बघू दे."

"कारभारी येतो इचारायला अधनंमधनं. त्याच्या नजरेला आलं तर पुढची बैठक गेली म्हणून समज."

"र्‍हाऊ दे म्हणतोय ना." मग म्हणालास, "नुसती बोटं चालव. कलप नको."

म्या वाटी खाली ठेवली आन् कोरड्या बोटांनी तुझ्या डोक्यावर भूपाळी वाजवली, भर दुपारी, बाहेर कावळे वरडत असताना. त्या जागी थांबून वर गेलो. मला वाटलं झोपलास. पण तू म्हणालास, "आता बरोबर हाय." लई बारीक आवाजात. तुझ्या डोळ्यांच्या कडा वल्या होत्या. त्या तापानं का कशानं, म्या इचारलं न्हाई.

आन् मग तुला आंघोळ घातली तेव्हा सगळ्यांनी बघितलं. पटका उतरवला, पाणी पडलं, केस कपाळाला चिकटले. मुळाकडनं पांढरेशुभ्र, टोकाला काळे. कारभारी तिथंच होता, हातात तुळशीची फांदी घेऊन. त्यानं तुझ्या डोक्याकडं बघितलं. मग माझ्या डोक्याकडं बघितलं, ते तसंच काळं, मुळापासनं टोकापर्यंत. मग माझ्या हातांकडं. कलपाला हात लावून दोन महिने झाले होते, हात गोरे झाले होते.

माझ्याजवळ येऊन म्हणाला, "नारायणा, म्हणजे तुझे केस..."

"देवाचे हायत," मी म्हणालो.

"अरे मग बोलला का नाहीस एवढी वर्षं?"

म्या तुझ्या अंगावर दुसरा तांब्या वतला. तो म्हणाला, "मोठी चूक झाली माझी. तेरावा होऊ दे. मग तूच पुढं बस."

ऐकलंस ना? बाजूलाच पडला होतास.

तेव्हापास्नं माझ्या जीवाला एकच घोर लागलाय. तू ते मुद्दाम केलंस का? "र्‍हाऊ दे, बघू दे" म्हणालास, ते दमला होतास म्हणून, का तुला माझे केस मला परत द्यायचे होते? तोंडानं जे बोलता आलं न्हाई, ते डोक्यानं बोललास का रं, सगळ्या गावापुढं?

नुसता दमला असशील, तर मला पुढची बैठक उष्टी मिळाली. आन् मुद्दाम केलं असशील, तर शेवटचा मोठेपणाबी तूच घेऊन गेलास. मी एवढी वर्सं तोंड दाबून बसलो, ते राहिलं बाजूला. लोक म्हणणार, सखा जाता जाता भावाला न्याय देऊन गेला. बघ! आत्ताच म्हणायला लागलेत. तुझा हेवा करावा का तुझ्या पायांवर डोकं ठेवावं, हे मला कळंना. पाय तर तू घेऊन गेलास. म्हणून हेवा करतोय.

दहाव्याला नीरेवर गेलो. तुझ्या जावयानं डोई केली. न्हाव्यानं वस्तारा पुसला, आन् मी त्याच्यापुढं जाऊन बसलो.

न्हावी बघतच राहिला. "नारूदा, धाकट्यासाठी थोरला डोई करत न्हाई. रीत न्हाई ती."

भटजीबी म्हणाले, "शास्त्रात नाही बसत हे." कारभारी तर धावत आला. "अरे नारायणा, आत्ता कुठं लोकांना कळलंय तुझे केस खरे म्हणून. मिरव की जरा. चार दिवसांनी तुला वर बसायचंय, खालून बघू दे लोकांना."

तेच तर, सखा. तू एकटाच मोठा होणार व्हय? तू तुझे पांढरे दाखवलेस, तर मी माझे काळे ठेवून बसू?

"काढ," मी म्हणालो. "चकोट काढ."

केस पडले मांडीवर. कुळकुळीत. ज्या केसांपायी एवढं सोसलं, ते नीरेच्या पाण्यात गेले, तुझ्या पिंडाच्या मागोमाग. जावयाची बायको, म्हणजे आपली लेक, पदर तोंडात घालून रडायला लागली. न्हाव्यानं मग नखं काढायला माझा हात धरला. अंगठ्याच्या नखाच्या टोकाला हिरड्याची काळी रेघ अजून होती, वाढत वाढत पार कडेला आलेली. त्यानं नराणी लावली, आन् म्या हात मागं घेतला.

"ते र्‍हाऊ दे," मी म्हणालो.

आज पहाटे पुढच्या बैठकीवर मी बसलो. पटका खुंटीला, चकोट डोकं कठड्यावर. मागं सूर धरायला तुझा जावई. पोरगा चांगला हाय, पण दम न्हाई, दोनदा तुटला. तुटला तेव्हा मला पाठीमागं एकदम उघडं उघडं वाटलं. तू एवढी वर्सं निर्धास्त वाजवायचास ते कशाच्या जिवावर, ते आज कळलं. तुला ठावं होतं का रं? ठावं असलं तर कधी सांगायचं होतंस एकदा.

भूपाळी वाजवली. त्या जागी थांबून वर गेलो. खाली दर्शनाला आलेली एक म्हातारी हात जोडून वर बघत उभी राहिली. पाळी झाल्यावर जिना उतरताना ऐकलं, ती शेजारणीला सांगत होती, "अगदी सख्यावाणी वाजवतोय गं. डोळे मिटले तर सखाच वाटतो."

मेल्या! आजचा दिवस तरी मला सोडायचं होतंस.

घरी आलो, ओसरीवर बसलो. गोदा चहा घेऊन आली आन् माझ्यामागं थांबली. चार दिवसांचे खुंट वर आलेत आता. तिनं मानेवर हात फिरवला आन् म्हणाली, "अवं, हितं मागं पांढरे हायत की तुमचे! लांब होते तेव्हा वरच्या केसांखाली दिसत न्हवते. हा एवढा पट्टाच पांढरा हाय."

म्या हात मागं नेला. बोटं मानेपर्यंत गेली, त्याच्या वर न्हाई. खांदा दुखायला लागला.

हिरड्याची पिशवी अजून चुलीपाशी हाय, सखा. निम्मी भरलेली. कढईबी हाय. मागचं आपल्याला दिसत न्हाई, आन् तिथं आपला हात पोचत न्हाई. आता मला कोण लावणार रं?